निवृत्तीनंतर घर लहान करताना : कोणती वस्तू कुणाच्या हाती द्यावी?

रामबागची

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या रामबागेतलं आमचं दुमजली घर विकलं. दिवाळीनंतर बिचोलीकडे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला जातोय. मी सरकारी शाळेतून बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले, हे त्याआधीच वीज मंडळातून. जिना आता दोघांनाही झेपत नाही. मुलगी बंगळुरूला आणि मुलगा अमेरिकेत. त्यामुळे घर सोडण्याबद्दल मनात किंतु नाही. प्रश्न सामानाचा आहे.

सासऱ्यांचे वडील होळकर दरबारात कारकून होते. तेव्हापासून या घरात जे आलं ते बाहेर गेलंच नाही. तांब्याचा बंब, घंगाळं, एकात एक बसणारे पितळी डबे, नावं घातलेली भांडी, शिसवी कपाट, आत्तेसासूबाईंचा तंबोरा, ट्रंकभर नऊवारी, माळ्यावर पुस्तकं, लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद. आणि देवघर.

अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) हाक मारली तर एका दुपारीत घर मोकळं होईल. दोघातिघांनी तसं सुचवलंही. मला ते करायचं नाही. या वस्तूंबद्दल जे काही ठाऊक आहे ते आता फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. हा डबा कुणाच्या माहेरचा, हे लुगडं कुठल्या लग्नातलं, हे कागद का जपले. आमच्यामागे मुलं आली, कुलूप उघडलं, तर त्यांच्यापुढे नुसतं पितळ आणि नुसतं कापड असेल. त्यांनी ते विकलं तर त्यांचा काय दोष? म्हणून जे द्यायचं ते आम्हीच, हातीपायी धड असताना द्यायचं. जो वापरेल त्याला द्यायचं आणि देताना त्या वस्तूची हकीकत सांगायची, एवढं ठरलं आहे.

पण कुठली वस्तू कुठे जाते, काय विचारायचं असतं, कशाची घाई करायची नाही, हे अनुभवींनी सांगावं. इंदूरचे असाल तर फारच चांगलं, पण देवास-उज्जैन, ग्वाल्हेर, पुणे, कुठलेही चालतील.

मिलवाला

वहिनी, भांड्यांपुरतं मी बोलू शकतो. बर्तन बाजारात आयुष्य गेलंय.

सगळं एका पोत्यात भरून नेऊ नका. तांबं, पितळ आणि कासं घरीच वेगळं करा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, आणि त्याचा भाव पितळेपेक्षा बराच वर असतो. एकत्र नेलं की सगळ्याला पितळेचा भाव लागतो. ओळखायचं कसं? काशाची वाटी चमच्याने हलके वाजवा, नाद लांबत जातो. पितळेचा लवकर विझतो. कासं ठिसूळ असतं, आपटलं तर फुटतं, तेव्हा नेताना कागदात गुंडाळा. जुन्या घरांत पांढरट चकाकीच्या ताटल्या निघतात आणि लोक चांदी समजून खूश होतात. त्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. तांबं, जस्त आणि निकेल, चांदीचा कणही नाही. आधी सराफाकडून खात्री करून घ्या, मग कुणाला कबूल करा.

मोडीत दिलं की फक्त धातूचं वजन मोजलं जातं, घडणावळीचे पैसे येत नाहीत. म्हणून ज्या भांड्याला नुसतं वजन आहे ते मोडीत घाला. ज्याला घाट आहे, जे अजून शिजवायच्या लायकीचं आहे, ते माणसाला द्या. हल्ली तरुण घरांत पितळी पातेली, काशाची ताटं परत हवीशी वाटतात. फक्त एक करा, पितळी भांडं देण्याआधी कल्हई करून द्या. कल्हई नसेल तर घेणारी मुलगी त्यात पहिल्याच दिवशी ताकाची कढी करेल आणि कळकलं म्हणून भांडं कायमचं फडताळात जाईल.

मोठ्या पराती, हंडे, मोदकपात्र घरात कुणी घेणार नाही. ते आचाऱ्यांना विचारा, मठ-मंदिरांतल्या अन्नछत्राला विचारा. स्टीलच्या ताटवाट्या पन्नास-शंभराच्या घरात असतील तर शहरात बर्तन बँका चालतात. प्लास्टिकच्या पत्रावळी टाळाव्यात म्हणून कार्यासाठी भांडी वापरायला देतात. तिथे एकसारखी ताटं लागतात, मिसळलेली नको.

पुण्यात_मूळ_इंदूर

काकू, मी तुमच्या मुलांच्या पिढीचा. आमच्या बाजूने थोडं लिहितो.

आई फोनवर विचारायची, "तुला काय काय हवं?" मी म्हणायचो, "काही नको." ती दुखावायची. खरं म्हणजे मला त्या प्रश्नाचं उत्तरच देता यायचं नाही, कारण घरात काय आहे हेच मला माहीत नव्हतं. मी लहानपणी जे हाताळलं तेवढंच माझ्या लक्षात. मग बहिणीने एक युक्ती काढली. आईला म्हणाली, यादी नको, एकेक वस्तू समोर घे, व्हिडिओ कॉल लाव आणि तिच्याबद्दल सांग. आम्ही ते मोबाइलवर उतरवून घेत गेलो. त्यात अशी गंमत झाली की किमती वस्तूंवर आमचं मन गेलंच नाही. बहिणीने खवणी मागितली, नारळाची, पितळी, विळीसारखी पाय दुमडून बसायची. मी बाबांची पेन्शनच्या हिशोबाची वही मागितली.

आणि काकू, मुलं 'नको' म्हणाली तर ते तुमच्या घराला नको म्हणणं नाही. आमच्या भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायलाही मालकाला विचारावं लागतं. शिसवी कपाट कुठे ठेवू? जे नको ते मोकळेपणाने दुसऱ्याला द्या. पण देण्याआधी एकदा दाखवा मात्र नक्की.

एक विनंती फोटोंची. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नावं लिहून ठेवा. बॉलपेनने नको, ते पुढे उमटतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत कोण कोण उभं आहे हे सांगणारी माणसं आमच्या घरात आता उरली नाहीत.

खजुरी_बाजार

पुस्तकांच्या आणि कागदांच्या प्रश्नासाठी खास लॉगिन केलं. ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मोडी कागदांना पहिल्यांदा हात लावू नका. लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं म्हणजे रुमाल. त्या रुमालात कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रमही अभ्यासकाला काही सांगत असतो. साफसफाईच्या उत्साहात ते तारखेने लावायचे नाहीत, चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. जसा आहे तसा प्रत्येक रुमालाचा आधी फोटो, मग एकेका कागदाचा सावलीत, फ्लॅश न वापरता. दरबारातल्या कारकुनाच्या घरातले कागद हे नुसते घरगुती हिशोब नसतात. त्यात धान्याचे भाव, देणगी, वतनाचे वाद, कुणाच्या लग्नाला किती खर्च, असलं काहीही निघतं. देशभरातल्या मराठ्यांचा इतिहास अशाच कागदांतून लिहिला गेला. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं, इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थापलेलं, ते अशाच घरोघरच्या दप्तरांवर उभं राहिलं. आपल्या माळव्यासाठी सीतामऊचं नटनागर शोध संस्थान आहे, महाराजकुमार रघुबीरसिंहांनी उभारलेलं. दोन्हींकडे आधी पत्र लिहा, फोटो पाठवा, आणि देताना लेखी पावती घ्या. तिच्यात घराण्याचं नाव, गाव, कागद कुठून आले हे येऊ द्या.

आता पुस्तकं. ट्रक भरून कुठल्याही वाचनालयाच्या दारात नेऊ नका. एका ठिकाणी (नाव घेत नाही) अशी आलेली पेटारेच्या पेटारे पुस्तकं ओसरीत राहिली आणि पहिल्या पावसात गेली. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, घेणाऱ्यांना नको म्हणवलं नाही. म्हणून आधी यादी: नाव, लेखक, प्रकाशन वर्ष. साहित्य सभा असो की कुठलं सार्वजनिक वाचनालय, यादी पाहून त्यांना लागतील ती पुस्तकं त्यांना निवडू द्या.

वाचनालयांना गाजलेल्या कादंबऱ्या नको असतात, त्यांच्याकडे त्या चार-चार प्रती असतात. विश्वकोशाचे जाड खंड ठेवायला जागा नसेल तर मन घट्ट करून सोडा, मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मोलाचं ते असतं जे इंदुरात छापलं आणि इंदुरातच संपलं. संस्थांचे अहवाल, शाळेची नियतकालिकं, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांची हँडबिलं, लग्नात छापलेली मंगलाष्टकं, कुलवृत्तांत. आपल्या गावात मराठी साहित्य संमेलन १९१७ ला झालं, १९३५ ला झालं, मग २००१ ला. यांपैकी कुठल्याही संमेलनाचा एखादा चिटोरा जरी माळ्यावर सापडला, तरी तो कादंबऱ्यांच्या ढिगाच्या आधी बाजूला काढा. असलं काही दुसऱ्या कुठेच सापडत नाही, आणि रद्दीत सगळ्यात आधी तेच जातं, कारण ते पुस्तकासारखं दिसत नाही.

पुस्तकांना कसर लागली असेल तर कडक उन्हात टाकू नका, कागद भरभरीत होतो. सावलीत, वाऱ्यावर, पानं उलगडून. बाकीची पुस्तकं खजुरी बाजारात जुन्या पुस्तकवाल्यांकडे जातील, पण खरं सांगायचं तर मराठी पुस्तकाला तिथे गिऱ्हाईक कमी. मराठी वाचणारी नातवंडं आपल्या गावात रोडावली आहेत. मराठी पुस्तक ओळखीच्या मराठी वाचकालाच द्यावं.

रामबागची

ताई, तुमचं वाचून मी रुमाल होते तिथेच ठेवून दिले. काल ह्यांनी एक उघडायला घेतला होता. आता आधी फोटो.

मिलवाला दादा, काशाची वाटी वाजवून पाहिली. पितळ समजून गच्चीवर तुळशीला पाणी घालायला ठेवलेलं भांडं कासं निघालं!

तंबोरा

ताई, तंबोऱ्याबद्दल. तो मिरजेचा आहे का? भोपळ्याच्या मागे किंवा तबलीवर कारागिराची चिठ्ठी किंवा शिक्का असतो, बघा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुमच्या घरातला त्याच्या कितीतरी आधीचा असणार. जुना वाळलेला भोपळा आणि मुरलेलं लाकूड असं वाद्य आज पैसे टाकूनही सहज मिळत नाही.

तंबोरा कपाटावर ठेवून जपला जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की न वापरलेल्या वाद्याचा भोपळा तडकतो, खुंट्या सैल पडतात. वाजता राहिला तर रोज हात फिरतो, पुसला जातो, जवारी (घोडी घासून तारांचा नाद नीट करणं) वेळेवर निघते. आज बहुतेक विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर किंवा मोबाइलवर रियाज करतात, कारण खरा विकत घेणं परवडत नाही. म्हणून हौशी सजावटवाल्याला विकू नका, तो दिवाणखान्यात दिव्याखाली उभा करेल. संगीत महाविद्यालयात किंवा ओळखीच्या गुरुजींकडे विचारा की खरोखर गाणारी, घरची बेताची परिस्थिती असलेली मुलगी कोण आहे. तिला द्या. देण्याआधी तारा बदलून, जवारी काढून द्या. नेताना तारा थोड्या उतरवा आणि तंबोरा टेम्पोत टाकू नका, मांडीवर घेऊन कारमध्ये न्या.

आत्तेसासूबाई कुणाकडे शिकल्या हेही त्या मुलीला सांगा. गाणाऱ्याला ते महत्त्वाचं असतं.

ओटला

सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

रस्ता रुंद करताना आमच्या घराचा ओटला (दारापुढचा ओटा) गेला, पुढची खोलीही गेली. मग वडिलांना फ्लॅटवर आणलं. नातेवाइकांनी मोठ्या प्रेमाने सगळं नवीन घेतलं. नवा पलंग, नवी खुर्ची, नवं कपाट. वडील रात्री उठायचे आणि खुर्ची शोधायचे. त्यांना खुर्ची दिसायची, पण ती त्यांची नव्हती. स्मृती तेव्हाच थोडी सैल होऊ लागली होती. मला तेव्हापासून वाटतं की सामान कमी करा, कमी करा, हे वृद्धांना सारखं सांगणं बरं नाही. साठ वर्षं एका जागेवर असलेली वस्तू माणसाच्या शरीराला पाठ असते. सगळ्यांना वाटून मोकळं व्हायच्या नादात स्वतःसाठी काय ठेवायचं याचाही विचार व्हावा.

डॉ_नर्मदाकाठ

ओटला यांच्याशी पूर्ण सहमत. वृद्धांवर उपचार करण्याचा अनुभव आहे म्हणून सांगतो.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर ओळखीच्या वस्तू फार आधार देतात. नव्या घरात पलंगाची बाजू तीच ठेवा. म्हणजे उजव्या हाताला खिडकी असेल तर तिथेही उजव्या हाताला खिडकी. घड्याळ, खुर्ची, पाण्याचा तांब्या, देवाचा फोटो, हे जुनेच. अंधारात हात जिथे जातो तिथे वस्तू सापडली पाहिजे.

त्याचबरोबर पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट पूर्ण मोकळी हवी. या वयात मांडीचं हाड मोडतं ते बहुधा घरातल्या घरात, पायपुसण्यावर, गालिच्याच्या कडेवर किंवा वाटेत ठेवलेल्या स्टुलावर. लहान घरात मोठ्या घरातलं सामान कोंबलं की हे वाढतं. त्यामुळे काय ठेवायचं हे ठरवताना फ्लॅटचा नकाशा घ्या आणि आधी चालायची वाट आखा, उरलेल्या जागेत सामान बसवा.

औषधांचा डबाही रिकामा करा. जुन्या घरांत पाऱ्याचा थर्मामीटर आणि पाऱ्याचं रक्तदाब मोजायचं यंत्र असतंच. ते कोरड्या कचऱ्यात टाकू नका, फुटलं तर पारा घरभर होतो. आपल्या कचरा गाडीला घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, गाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. सेल, ट्यूबलाइट, जुने मोबाइल हेही वेगळे. आपलं शहर स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं आलं ते घराघरात कचरा वेगळा होतो म्हणून. घर आवरतानाही तेवढीच शिस्त पाळूया.

देवासची_लेक

मी गेल्या वर्षी एकटी झाले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जावांनी ह्यांचं कपाट रिकामं करायला घेतलं. त्यांना वाटलं मला सोपं जाईल. मी थांबवलं.

नंतर माझ्या वेळेने, एकेक कप्पा घेतला. सदरे सोसायटीच्या चौकीदाराला दिले, त्याला अंगाला बसतात. स्वेटर, कानटोप्या थंडीच्या आधी दिल्या, कारण त्या उन्हाळ्यात दिल्या तर घेणारा ठेवणार कुठे? 'नेकी की दीवार'वर (गरजूंसाठी वस्तू ठेवायच्या भिंतीवर) कपडे ठेवायचे असतील तर धुऊन, बटणं लावून, आणि पाऊस नसताना. फाटकं तिथे ठेवू नये, ते दान होत नाही. महापालिकेची ट्रिपल आर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं २०२३ पासून आहेत, तिथे कपडे, चप्पल, पुस्तकं, खेळणी घेतात.

चष्मा आणि घड्याळ मी ठेवलं आहे. कुणी विचारलं तर सांगते, ठेवलं आहे.

ज्यांचं माणूस नुकतंच गेलंय त्यांना या धाग्यातलं काहीही लागू नाही, एवढं मला म्हणायचं होतं. आधी माणूस सावरू द्या, सामान कुठे जात नाही.

महेश्वरी

देवासची_लेक, तुम्हाला नमस्कार.

नऊवारींबद्दल. ट्रंक उघडाल तेव्हा लुगडी झटकू नका. जुनं रेशीम घडीवर विरलेलं असतं, झटकलं की सरळ रेषेत फाटतं. पलंगावर स्वच्छ चादर पसरून त्यावर हलक्या हाताने उलगडा आणि परत घालताना घडी बदलून घाला.

दारावर जरीवाले येतात. ते लुगड्याचे पैसे देत नाहीत, काठपदर जाळून जी चांदी निघेल तिचे देतात. जरतार खरी म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी असेल तरच तो भाव. कापड चांगलं असेल तर कृपया जाळायला देऊ नका. आपल्या गावातल्या मराठी नाट्यमंडळांना, पाडव्याच्या शोभायात्रेतल्या मुलींना खरं नऊवारी मिळत नाही, शिवलेलं चालवून घेतात. त्यांना विचारा. पदर धड आणि अंग विरलेलं असेल तर पदराची ओढणी होते, काठांचं नातीला परकर-पोलकं. सुती लुगडी मऊ झालेली असतात, त्यांची गोधडी शिवून घ्या. एकाच घरातल्या तीन पिढ्यांची लुगडी एका गोधडीत येतात, आणि ती फ्लॅटमध्येही मावते. अमेरिकेला जाणाऱ्या बॅगेतही.

हिशोबनीस

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून कायद्याचं सांगून ठेवतो.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कलाकुसरीची वस्तू ही १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखितांना, त्यांचं ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असेल तर, हीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, मग ती तुमच्या पणजोबांची का असेना. मुलाच्या सामानात पितळी बाळकृष्ण किंवा मोडी पोथी टाकण्याआधी विचार करा. विमानतळावर अडकली तर मुलाला त्रास. वस्तू जुनी दिसते पण तितकी जुनी नाही अशी खात्री असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला आधी घ्यावा.

हयातीत भांडी, कपाट, वाद्य दिलं तर कागद लागत नाही. जंगम वस्तू हातात दिली की भेट पूर्ण होते. सोनंनाणं देताना मात्र साध्या कागदावर चार ओळी लिहा: काय, किती वजनाचं, कुणाला, केव्हा, दोघांच्या सह्या. मुलगा, मुलगी, सून, भाऊ-बहीण यांना दिलेल्या दागिन्यावर घेणाऱ्याला कर नाही. भाचीला मावशीने दिलं तरी नाही. नात्याबाहेर दिलं आणि वर्षभरात पन्नास हजारांच्या वर गेलं तर घेणाऱ्याला कर लागू शकतो. विवाहितेचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने आयकराच्या छाप्यात जप्त करू नयेत अशी १९९४ ची सूचना आहे. लोक तिला बाळगण्याची मर्यादा समजतात, तसं नाही. वारशाने आलेलं दाखवता आलं तर जास्तही चालतं.

उरलेल्याचं मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. पण कुठली वस्तू कुणाला हे 'सर्व चीजवस्तू समान' असं मोघम लिहू नका. भावंडांत अबोला धरला जातो तो घरापेक्षा आईच्या पाटल्यांवरून.

रामबागची

हे सगळं मी वहीत उतरवून घेतेय. ह्यांनी फ्लॅटचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढला, डॉक्टर. आधी वाट आखली. त्यात ह्यांची आरामखुर्ची बसली, शिसवी कपाट नाही बसलं. लिफ्टमध्येही जाणार नव्हतं. ते ह्यांच्या एका मित्राच्या मुलाने नेलं, सुतारकाम करतो, लाकडाची पारख आहे त्याला. त्याने कपाटाच्या पाठीमागे पेन्सिलने लिहिलेलं पणजसासऱ्यांचं नाव दाखवलं. आम्हाला ते ठाऊकच नव्हतं.

आता देवघराबद्दल विचारते. आमच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णाच तीन आहेत. आजेसासूबाईंची, सासूबाईंची आणि माझी. तीन बाळकृष्णही. टाक इतके झिजलेत की खंडोबा कुठला आणि देवी कुठली हे फक्त सवयीने कळतं. दीर म्हणतात सगळं नर्मदेत सोडा. माझं मन होत नाही.

उपाध्ये_घराणं

वहिनी, नर्मदेत सोडायची काही गरज नाही.

आपल्यात लग्नात मुलीला माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात, म्हणून प्रत्येक सुनेबरोबर एकेक वाढत जातात. देव वाढले म्हणजे तेवढ्या सुना त्या घरात नांदल्या. बहुतेक घरांत देव्हाऱ्यात एकच अन्नपूर्णा पूजेला असावी असं मानतात, तेव्हा तुम्ही तुमची ठेवा आणि बाकीच्या दोन पुढे द्या. सासूबाईंची अन्नपूर्णा तुमच्या मुलीला. आजेसासूबाईंची घरातल्या ज्या मुलीचं लग्न ठरलंय तिला. त्या बाजारातून नवी आणतील, त्यापेक्षा ही शंभर वर्षं पुजलेली का नको? देण्याआधी अभिषेक करून, हळदकुंकू वाहून, ओटीत घालावी.

टाकांचं वेगळं आहे. कुलदेवतेचे टाक एका शाखेकडे असतात, तेव्हा दीर आणि तुम्ही आधी बसून ठरवा की कुलाचार पुढे कोण करणार. जो करेल त्याच्याकडे टाक जातील, घर कुणाचं मोठं यावर ते ठरू नये. झिजलेले टाक सोनाराकडे देऊन त्याच चांदीत नवे घडवून घेण्याची रीत आहे. विधी करून देव उतरवतात, चांदी कमी पडली तर भर घालतात, आणि नव्याने प्रतिष्ठा करतात. फक्त सोनाराला समोर बसून करायला सांगा, चांदी बदलू देऊ नका. भंगलेली मूर्ती तेवढी विसर्जन करावी.

पुण्यात_मूळ_इंदूर

हे वाचून मी बायकोला विचारलं. तिची अन्नपूर्णा कपाटात डबीत आहे. रविवारी बाहेर काढतोय.

रामबागची

मुलीशी काल तासभर बोलले. तिने अन्नपूर्णा आणि सगळ्यात लहान पितळी डबा मागितला. तिच्या लहानपणी त्यात सुंठवडा असायचा म्हणे, मी विसरून गेले होते. मुलाने गोधडी मागितली. दीर टाकांसाठी तयार झाले, कुलाचार त्यांचा मुलगा करणार आहे, नव्याने घडवण्याचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा.

तंबोरा मिरजेचाच निघाला. एका गुरुजींनी मुलगी सुचवली, तिची आई घरकाम करते, मुलगी विशारदच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तारा बदलायला दिल्यात. सीतामऊला फोटो पाठवलेत, उत्तराची वाट पाहतेय.

पितळी डब्यांचा मोठा संच अजून आहे, कल्हई करून ठेवलाय. कुणाच्या घरी रोज वापरात येणार असेल तर कळवा, शोभेसाठी नको. आणि सासूबाईंचं पायाचं शिवणयंत्र आहे. चालू आहे, पण कुणाला द्यावं कळत नाही. हल्ली सगळ्यांना मोटरचं हवं असतं.

देवासची_लेक

रामबागची ताई, यंत्र कुणाला देऊ नका, मला हवं आहे. माझ्या शेजारच्या गल्लीत एक बाई मुलींना शिवण शिकवतात. वीज गेली की मोटरची यंत्रं बंद पडतात आणि मुली बसून राहतात, म्हणून त्या पायाचंच शोधत होत्या. मीही त्यांच्याकडे जायला लागलेय. शनिवारी भाच्याचा टेम्पो इंदूरला रिकामा येतोय, त्यातून नेता येईल.

रामबागची

या, शनिवारी. जेवायलाच या. पट्टा जुना झालाय, नवा मी आणून ठेवते. सुया आणि बॉबिनचा डबाही बरोबर देईन, आणि सासूबाई त्यावर काय काय शिवायच्या ते सांगेन.